चिंधीवरचा भरवसा

एकच बंदूक माणसानं दोनदा विकत घेतली, तर तिला हौस म्हणावं. तिसऱ्यांदा घेतली तर काय म्हणावं, हे खलील मुकादमला ठाऊक होतं. पण ते तोंडाबाहेर काढायची त्याची छाती होत नव्हती.

सप्टेंबरातली घामट दुपार होती. बू राशिद लांबोडकं खोकं स्वतःच्या हातांनी उचलून बंदुकांच्या खोलीत आले. टेबलावर ठेवून झाकण काढलं आणि लहान मूल आपलं खेळणं दाखवताना उभं राहतं तसे बाजूला उभे राहिले. आत अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर कोरलेला पहाडी बकरा, निळसर काळी नळी.

"बघ खलील," ते म्हणाले, "साठ वर्षं हिच्यासाठी जीव टाकलाय. आज हाती लागली."

खलीलनं बघितली. मग त्याची नजर आपसूक समोरच्या काचेच्या कपाटाकडे गेली. तिथं तसल्याच दोन शेजारी शेजारी उभ्या होत्या. तोच दस्ता, तोच बकरा. एक रमजानच्या आधी आलेली, दुसरी मे महिन्यात. दोन्ही वेळी म्हाताऱ्यानं हेच वाक्य म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळी डोळ्यांत हेच पाणी होतं.

"मबरूक, अर्बाब," खलील म्हणाला. मालकाचं अभिनंदन करण्यापलीकडं दुसरं काय म्हणणार?

बू राशिद म्हणजे राशिदचा बाप. कतारातल्या अल वक्र्यात सगळे त्यांना याच नावानं हाक मारायचे. वय सत्त्याहत्तर. बाप मासेमारी करणारा, घरात खाणारी तोंडं नऊ, आणि सतरा वर्षांच्या पोरानं कुणा पाहुण्या इंजिनिअरच्या खांद्यावर ही बकऱ्याची बंदूक पाहिली, ती कायमची डोळ्यांत बसली. पुढं तेलाचे दिवस आले, बांधकामाची कंपनी निघाली, म्हाताऱ्यानं देशोदेशीचे डोंगर शिकारीसाठी पालथे घातले. बंदुका येत गेल्या. ही नवी धरून बेचाळीस झाल्या होत्या. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच आहे. पण आता या हौसेला आठवणही उरली नव्हती. हवी होती एवढं म्हाताऱ्याच्या ध्यानात राहिलं होतं, मिळाली हे पार पुसलं जात होतं.

आणि हे माहीत होतं फक्त खलीलला. कारण त्या खोलीत एका लहान नातीखेरीज दुसरं कुणी आता जातच नव्हतं.

खलील दाभोळच्या खाडीकाठचा. चोवीस वर्षांपूर्वी बू राशिदच्या कंपनीत सुतार म्हणून आला. एकदा मालकाच्या लाडक्या बंदुकीचा दस्ता तडकला, तो यानं असा सांधला की सांधा शोधून सापडेना. तेव्हापासून कागदावर 'स्टोअर सुपरवायझर' आणि खऱ्या कामानं बंदुकांचा राखणदार. त्याच व्हिसावर बायको जैतून आली, मुलगी हिबा इथंच शिकून बारावीपर्यंत पोचली. बंदुका होत्या म्हणून खलील होता, आणि खलील होता म्हणून वक्र्यातला तो दोन खोल्यांचा फ्लॅट होता. सगळा डोलारा त्या बेचाळीस नळ्यांवर उभा.

बंदुकांशी त्याचं नातं मात्र जुनं. त्याच्या बापाकडं एक एकनळी होती, शेती राखायच्या परवान्याची. रानडुकरं भाताची नासाडी करायची, खलीलचा बाप ती मारायचा आणि मांस शेजारची वाडी न्यायची. याच्या घरात अर्थातच त्यातलं काही शिजायचं नाही. बापाचा एक नियम होता. बंदूक उंबऱ्याच्या आत येण्याआधी अंगणातच मोडायची, म्हणजे मधून उघडायची, नळी आभाळाकडं धरून आरपार बघायचं, दुसऱ्या कुणाला तरी दाखवायचं, आणि मग नळीच्या तोंडात पांढरी चिंधी खोचायची. चिंधी म्हणजे बंदूक मोकळी आहे, बायकापोरांनी भ्यायचं कारण नाही. पावसाळ्यात तीच चिंधी खोबरेल लावून घातली की गंजही चढत नसे.

ही रीत खलीलनं वक्र्यात आणली. समुद्र जवळ, हवा दमट, चिंधीचा उपयोगच होता. बू राशिदला तर ती इतकी आवडली की पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे. "माझ्या खलीलची चिंधी. ही दिसली की डोळे मिटून हात लावा." हळूहळू सगळं घर चिंधी ओळखायला लागलं.

पण बापाची बंदूक एक होती. एक असली की उघडून बघितली जाते. चाळीस झाल्या की माणूस खुणेवर भागवतो. खलीलनंही तेच केलं. चिंधी दिसली की मोकळी, पुढं चला. बाप असता तर त्यानं कानाखाली आवाज काढला असता.

त्यात राशिदची मुलगी मुनीरा. सात वर्षांची, आजोबांची जान. शुक्रवारी जेवायला सगळं कुटुंब जमलं की नात आणि आजोबा बंदुकांच्या खोलीत. आजोबांनी बंदूक मांडीवर घ्यायची, मुनीरानं समोरून चिंधी ओढायची, आजोबांनी घोडा दाबायचा. टक् असा आवाज झाला की दोघांनी मिळून ओरडायचं, "खलास!" खलीलला पहिल्यांदा तो खेळ खटकला होता. पण मालकाला अडवणार कोण? आणि चिंधी तर आपल्याच हातची. दोन वर्षं तो खेळ चालला आणि खलील दाराशी उभा राहून हसत राहिला.

तिसरी बंदूक आली त्या शुक्रवारी राशिद खोलीत डोकावला. चाळिशीचा, कामात बुडालेला, बापाला फोन करायचं घड्याळ लावून ठेवणारा माणूस. भिंतीभर बंदुका बघून तो हसला.

"खलीलभाई, तुम्हीच सांगा. शिकाऱ्याकडं बंदुका जास्त होतात, असं कधी असतं का?"

एवढी सरळ संधी. कपाटाकडं नुसतं बोट दाखवायचं होतं. तीन बकरे ओळीत उभे होते, आंधळ्यालाही दिसले असते. पण राशिदचा डोळा मोबाइलवर. खलीलच्या जिभेवर शब्द आले आणि तिथंच थबकले. सांगितलं तर काय होईल ते त्याला स्वच्छ दिसत होतं. डॉक्टर येतील, बंदुका जातील, खोलीला कुलूप लागेल. मग राखणदार कशाला हवा? आणि हिबाची परीक्षा फेब्रुवारीत.

"हौस आहे साहेब," तो म्हणाला. "हौसेला काय मोजमाप?"

राशिद हसून निघून गेला. खलीलला मात्र स्वतःची शिसारी आली.

संध्याकाळी त्यानं जैतूनला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. हात थांबले नाहीत, पण चेहरा उतरला.

"तीनदा? तीच?"

"तीच. आणि मना सांगतो, आजच मिळाली."

"मंग राशिदला सांगा."

"सांगितल्यावर आपण गावाला. हिबाचा वर्ष?"

आतल्या खोलीत हिबा मोठ्यानं पाठ करत होती. जैतूननं दार लोटून घेतलं.

"चार महिने गप बसा," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरीची परीक्षा होऊ दे. तवर त्या बंदुकांचा काय तरी काढून ठेवा, म्हंजे उडायच्या नाय. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

"आणि कळला तर?"

"तर इसरेल."

ती बोलून गेली. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या दुखण्यावर आपण भाकरी भाजतोय, हे दोघांनाही कळलं होतं. पण पोरीचं वर्ष समोर होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

दुसऱ्या दिवशी खलीलनं बेचाळीसही बंदुकांचे बोल्ट काढले. बोल्टशिवाय बंदूक म्हणजे नुसती काठी. सगळे हत्यारांच्या कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. बू राशिदनं विचारलं की सांगायचा, "तेलपाण्याला काढलेत, अर्बाब. दमट हवा आहे." आठवड्यानं पुन्हा विचारलं की पुन्हा तेच. म्हातारा मान डोलवायचा. मुनीरा मात्र रुसली, कारण आता टक् होत नव्हतं. खलीलला वाटलं, झालं आपलं काम. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

डिसेंबरात थंडी पडली आणि वक्र्यातली सगळी घरं रीतीप्रमाणे वाळवंटात गेली. बू राशिदचा तळ मेसईदच्या पलीकडं, टेकड्या समुद्राला भिडतात तिथं. मोठा तंबू, गालिचे, कोळशावर कहवा, पोरांच्या वाळूत चालवायच्या गाड्या. शुक्रवारी दुपारी खलील पिकअपमधून लाकडं आणि पाण्याचे कॅन घेऊन पोचला. कॅन उतरवून तो तंबूच्या दाराशी आला आणि आतलं बघून जागीच थिजला.

बू राशिद गालिच्यावर तक्क्याला टेकून बसले होते. मांडीवर बंदूक. अक्रोडाचा दस्ता, पहाडी बकरा, नळीच्या तोंडात पांढरी चिंधी. समोर मुनीरा गुडघ्यांवर बसलेली. राशिद बाजूला बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होता.

"ही नवी आहे!" मुनीरा खलीलला म्हणाली. "आजोबांच्या गाडीत होती. हिचं टक् होणार!"

खलीलनं तिन्ही बकरे सकाळीच कपाटात पाहिले होते. तिन्हींचे बोल्ट त्याच्या कुलपात होते. या बंदुकीला बोल्ट होता. म्हणजे ही चौथी. म्हाताऱ्यानं परस्पर आणली, गाडीत टाकली आणि विसरला. आणि ती चिंधी! खलीलच्या चिंध्या जुन्या लुंगीच्या, हातानं फाडलेल्या. ही डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाची होती, मशीनची शिवण असलेली. त्याची रीत म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातांनी केली होती. नळीत बघून की न बघता, ते अल्लाला ठाऊक.

मुनीरानं चिंधीचं टोक धरलं. बू राशिदचं बोट घोड्यावर गेलं.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो तर दचकून बोट आवळेल, एवढं भान त्याला उरलं होतं. चपला न काढताच तो गालिच्यावरून चार पावलांत पोचला, गुडघ्यावर बसला आणि डाव्या हातानं नळी खालून वर उचलली, थेट तंबूच्या छताकडं. उजव्या हातानं म्हाताऱ्याचं बोट अलगद सोडवलं. मग बोल्ट मागं ओढला.

पिवळंधमक काडतूस उडी मारून बाहेर आलं आणि कहव्याच्या पेल्यांत जाऊन पडलं.

राशिदच्या हातून फोन सुटला. त्यानं मुनीराला इतक्या जोरात ओढून घेतलं की ती रडायला लागली. तिची आई पलीकडच्या तंबूतून धावत आली आणि पोरीला उचलून घेऊन गेली.  

पहिले बोलले ते बू राशिद. काडतुसाकडं बघून त्यांनी दुःखानं मान हलवली.

"खलील, खलील. चोवीस वर्षांत तुझ्या चिंधीनं कधी दगा दिला नाही. म्हातारा झालास रे."

त्यात लबाडी नव्हती. त्यांना तसं खरंच वाटत होतं. चिंधी आहे म्हणजे खलीलची, हे त्यांनी घरभर शिकवलं होतं आणि आता त्यांच्याजवळ तेवढंच शिल्लक होतं.

राशिदनं खलीलला बाहेर नेलं. पिकअपच्या आडोशाला उभा राहून तो बोलायला लागला.

"माझी मुलगी होती समोर."

"साहेब, ती चिंधी माझी नाही. ही बंदूक माझ्या खोलीतली नाही. अर्बाबनी परस्पर घेतली. हीच बंदूक त्यांनी चारदा घेतलीय, साहेब. घेतात आणि विसरतात. तीन कपाटात आहेत, जाऊन बघा."

राशिदनं विचारलं, "कधीपासून?"

"सप्टेंबरात तिसरी आली. तेव्हा माझी खात्री झाली."

"सप्टेंबरात मी तुला खोलीत विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा तू म्हणालास, हौस आहे. आणि आज, हे सगळं झाल्यावर, माझ्या बापाचं डोकं फिरलंय म्हणतोस?"

 तीच गोष्ट तेव्हा सांगितली असती तर ती काळजी ठरली असती. आज ती चामडी वाचवायची थाप वाटत होती. बोल्ट काढून ठेवले होते हे सांगावं, तर राशिद विचारणार, म्हणजे माहीत असून लपवलंस? हिबाचं नाव घ्यावं, तर तिच्या परीक्षेपोटी याच्या मुलीचा जीव टांगणीला लावला, असा त्याचा अर्थ. आणि तो अर्थ खोटा नव्हता. खलीलला रडू कोसळलं.

"मला काढा साहेब," तो म्हणाला. "आजच काढा. पण बंदुका पण काढा. पाया पडतो."

"तुझं काम खलास," राशिद म्हणाला. "या महिन्यात कागद करू. बंदुकांचं काय करायचं ते आमच्या घरचं आम्ही बघू. बाबांना दुसरं आहे काय आता? आई गेल्यापासून तेवढंच तर आहे."

खलीलनं पिकअपचं दार उघडलं. जैतूनला काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्याच्या डोक्यात सुरू झाली होती. तेवढ्यात वाळूतून पावलं वाजली. बू राशिद काठी टेकत येत होते. चेहरा प्रसन्न. मघाचं काही त्या चेहऱ्यावर नव्हतंच.

"खलील, निघालास? उद्या जरा लवकर ये. आपल्याला दुकानात जायचंय." जवळ येऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक बघून ठेवलीय. अक्रोडाचा दस्ता, वर पहाडी बकरा. सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून मनात आहे. एवढ्या बंदुका घेतल्या, पण तसली एक काही अजून नशिबात आली नाही."

वारा होता, तंबूची कापडं फडफडत होती, पण प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला. खलीलनं राशिदकडं पाहिलं. राशिदच्या चेहऱ्यावरचा सगळा राग ओसरला होता. त्याला कळलं होतं. सगळं, एकदम. तोंड उघडं पडलं, ओठ हलले. आता हा काहीतरी बोलणार असं खलीलला वाटलं.

"बघू ना, बाबा," राशिद म्हणाला. "उद्या बघू. इन्शाल्ला." आणि त्यानं मान खाली घातली.

खलीलनं तो चेहरा ओळखला. सप्टेंबरापासून तो स्वतः तोच चेहरा घेऊन वावरत होता. यालाही आता डॉक्टर दिसत असणार, भावकी दिसत असणार, बापाचा पडलेला चेहरा दिसत असणार. हाही चार महिने थांबेल. प्रत्येकाची कुठली ना कुठली परीक्षा फेब्रुवारीत असतेच. आणि मुनीरा दर शुक्रवारी येणार.

आपल्याकडं आता गमावण्यासारखं काही राहिलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि ज्या माणसाची ही गोष्ट आहे त्यालाच कुणी ती सांगितलेली नाही, हेही.

त्यानं खांद्यावरचा म्हातारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अर्बाब, ती तुमच्याकडं आहे," तो म्हणाला. "एक नाही, चार आहेत. चारही तुम्हीच आणल्यात. प्रत्येक वेळी मला म्हणालात, आज हाती लागली. मघाची बंदूक तुम्हीच भरली होती, चिंधीही तुम्हीच घातली होती. तुम्हाला आठवत नाही. खूप दिवस झाले, तुम्हाला आठवत नाही."

बू राशिद हसले. थट्टा चाललीय असं वाटून त्यांनी मुलाकडं पाहिलं, त्यानंही हसावं म्हणून. राशिद हसला नाही. म्हाताऱ्यानं एकदा याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मग हसू हळूहळू गेलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. उलट खलीलची बोटं घट्ट धरली.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो, अर्बाब."

"आणि राशिद, तुला?"

राशिदनं नजर खाली वळवली.

बू राशिदनी लांब समुद्राकडं पाहिलं. ओठांतल्या ओठांत एक ते चार मोजले आणि पुन्हा एकदा मोजले. मग विचारलं तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"मग इतके दिवस मला कुणी सांगितलं का नाही?"